अबोल्याची मुदत

बेळगावच्या खडेबाजारात लागून असलेल्या दोन दुकानांत अबोला आहे. एकाला पाचशेची मोड लागली की तो पोराला पाठवतो. दुसरा मोड मोजून देतो, पण पोराच्या हातात. धंदा अडत नाही. एकदा अबोला असा रुळला की तो कशावरून धरला होता हेही कुणी विचारत नाही.

धर्मांनी मात्र रागाला मुदत घालून ठेवलीय, तीही हिशेबी. दिगंबर जैनांच्या कर्मशास्त्रात रागाच्या चार रेघा आहेत: पाण्यावरची, धुळीतली, जमिनीतली आणि खडकावरची. पहिली अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत पुसते. धुळीतली पंधरवडाभर टिकते, जमिनीतली सहा महिने. खडकावरची जन्म ओलांडून पुढे जाते. बैलहोंगलकडच्या काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा बघितलेल्यांना तिसरी रेघ समजावून सांगायला नको. पाऊस लागला की ती मिटते. बांधावरून धरलेला राग मात्र सरळ चौथीत जातो.

हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, म्हणते, भावाशी ३ दिवसांच्या वर अबोला नको, आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. बेळगावच्या किल्ल्यात एकाच खंदकाच्या आत १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे आणि साफा मशीदही. दोन्ही मुदती तिथं शेजारी नांदतात. बायबलातल्या इफिसकरांस पत्राला त्याहून घाई: सूर्य मावळायच्या आत राग सोडा.

आपली मुदत ऐसपैस, वर्षाची. दसऱ्याला शमीची, कन्नडात बन्नीची, पानं हातावर ठेवत 'बन्नी तगोंडु बंगारदांग इरूण' म्हणायचं, मराठी घरात 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा'. धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, पानं द्यायची, पाया पडायचं. भांडणाचा विषय काढायचा नाही, हीच यातली खरी हुशारी. घोळ होतो तो चूक थोरल्याची असली की. मग थोरला दारात वाट बघतो आणि धाकटा पोराच्या हातून पानं पाठवतो. अशी आलेली बन्नी जमेस धरू नये, असं आपलं माझं मत.

जैनांच्या दशलक्षण पर्वात रोज एका गुणाचा दिवस; उत्तम क्षमा पहिल्याच दिवशी येते, पण माफी मागायची ती पर्व उरकल्यावर, क्षमावाणीला. मधे मार्दव (नम्रता), आर्जव (सरळपणा) वगैरे नऊ दिवस जातात. ताठा उतरायला तेवढे लागतातच. हल्ली 'कळत नकळत दुखावलं असल्यास' हा मेसेज सगळ्या ग्रुपवर एकदम जातो. ज्याच्याशी वाकडं आहे तोही त्याच ग्रुपवर असतो, आणि तोच मेसेज पुढं ढकलतो.

तौबेच्या, म्हणजे इस्लाममधल्या पश्चात्तापाच्या, अटी याहून कडक: चूक थांबवा, पस्तावा हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि माणसाचं काही घेतलं असेल तर ते परत करा. सलाम झाला, पानं दिली, गळाभेटही झाली, तरी वीतभर आत सरकवलेला बांध तिथंच असतो. तो मागं घ्यायला सर्वेअर लागतो. त्याची तारीख मिळेपर्यंत पुढचा दसरा येतो.