भिंतीवरचा तक्ता

आमच्या कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये शिरलं की डाव्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स दिसतो. प्रत्येक नावापुढे गोल, गोलाचे चार भाग. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणी उभं असेल तर जमतं, तीन म्हणजे एकट्याने करतो, आणि अख्खा गोल काळा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी हे गोल मीच मार्करने भरले होते. एका चहात ३२ नावं.

त्या शनिवारी मशीन लावून देणारे सेटर काका जत्रेला गावी गेले होते आणि पातळ बुशचे, म्हणजे नळीसारख्या पोकळ भागाचे, ४०० नग रात्री चाकणहून निघायचे होते. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आयटीआयचा पोरगा, तक्त्यावर तीन भाग काळा. पहिल्या नगात, तो आवळून धरणाऱ्या चकमध्ये असताना, प्लग गेजचं गो टोक (भोक पुरेसं मोठं असेल तरच शिरणारं) सुळकन गेलं. नग सोडवला तर शिरेना. भोकाचा व्यास मोजणारं डायल बोअर गेज लावलं, तर माप बरोबर! मी रुबाबात ऑफसेट वाढवायला, म्हणजे भोक जरा मोठं कापायला, सांगितला. आता गो शिरलं, पण डायल मापाबाहेर. सात नग भंगारात. काकांचा फोन लागेना.

डीबरिंगच्या, म्हणजे नगांच्या धारदार कडा साफ करायच्या, टेबलावरून ताई म्हणाल्या, "सर, हे बुश आले की काका आधी मशीनच्या मागं जातात. कायतरी फिरवतात."

मागे चकच्या प्रेशरचा नॉब. काटा १५ वर. चकच्या तीन जबड्यांनी आवळलेला पातळ नग गोल कापला जात होता, आणि सुटला की पुन्हा आपल्या आकारावर जाताना त्याचं बोअर, म्हणजे आतलं भोक, किंचित तिकोनी होत होतं. दोनच टोकांत मोजणाऱ्या डायलला ते कळत नाही. काटा ८ वर आणला, कट हलका केला. पुढचा नग पास. गाडी साडेदहाला सुटली.

ताई कंत्राटी. तक्त्यावर त्यांचं नावच नव्हतं.

सोमवारी काकांना विचारलं, "तुमचा गोल पूर्ण काळा आहे. शिकवलंत कुणाला?"

"गोल तुम्ही भरलाय, साहेब." मग हात पुसत म्हणाले, "आधीच्या कंपनीत दोन पोरं तयार केली. तिसऱ्या महिन्यात मला घरी बसवलं."

यावर मी काय बोलणार? नोकरीची हमी देणं माझ्या हातात नव्हतं. मॅनेजरकडे गेलो. शिकवायला रोज अर्धा तास आणि तेवढ्यापुरती टार्गेटमधून सूट, एवढं पदरात पडलं. काकांच्या पगारवाढीच्या कागदावर 'प्रशिक्षण' असा रकाना मी हाताने आखला. तो पुढे टिकेल की नाही, देव जाणे. ताईंचं नाव मात्र त्याच दिवशी तक्त्यावर चढलं.

बुधवारी पाहिलं, तर पोरगा नॉब फिरवतोय आणि काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. पहिला नग वाया गेला. काकांचे हात पाठीमागेच.