एक्केचाळीस वाती

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन तीन दिवस झाले होते आणि दुपारी दीडच्या सुमारास वीज गेली. कूलर बंद पडल्यावर घरात कशी शांतता पसरते, हे वऱ्हाडात मे महिना काढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. झोप लागणे शक्य नव्हते, म्हणून आठ दिवस टाळलेले एक काम हाती घेतले. शेताच्या जुन्या फेरफाराची नक्कल शोधायची होती. ती सापडली नाही, आजतागायत सापडलेली नाही. भिंतीतल्या फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मात्र पत्र्याचा एक चौकोनी डबा हाताला लागला. त्याचे झाकण गंजून घट्ट बसले होते. चमच्याच्या दांड्याने ते उचकटले, तेव्हा आत कडुनिंबाचा चुरा झालेला पाला दिसला आणि त्याखाली आजीने वळलेल्या, करंगळीएवढ्या लांबीच्या कापसाच्या वाती. शंभर-शंभराच्या जुड्या करून त्या तांबड्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या.

मला हिशेबाची खोड आहे. एस.टी.त बसलो की थांबे मोजतो, लग्नात पंगती मोजतो, कोणाच्या मयतीला गेलो तरी मनातल्या मनात गेलेल्याचे वय दिवसांत मांडून पाहतो. ही खोड चांगली नाही, हे मला घरच्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. तरीही मी सतरंजीवर डबा पालथा केला आणि जुड्या मोजल्या. त्या ६३ भरल्या. शिवाय एक जुडी दोऱ्यावाचून सुटी होती, तिच्यात ४१ वाती होत्या. एकूण ६३४१.

आजीने लाख वातींचा नेम केला होता. पहिला लाख तिने पुरा केला आणि त्याचे उद्यापनही झाले, त्या दिवशीचे पुरण मला अजून आठवते. डब्यातल्या या वाती दुसऱ्या लाखाच्या होत्या. १९९१ च्या आषाढी एकादशीला ती दुसऱ्या लाखाला बसली आणि त्या वर्षीचा पोळा तिने पाहिला नाही.

वातींसाठी तिला बाजारचा कापूस चालत नसे. मागच्या अंगणात देवकापसाचे एक झाड होते, त्याची बोंडे तिच्या मालकीची. शिवाय वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादहीची पूजा झाली की त्या पहिल्या कापसातला ओंजळभर कापूस ओच्यात बांधून ती घरी आणी. दुपारची जेवणे आटोपली, भांडी पालथी पडली, की छपरीत भिंतीला पाठ लावून, एक पाय लांब करून ती बसे. आधी सरकी काढायची, मग बोटांनी कापूस पिंजून त्याचा जाळीसारखा पदर करायचा, चिमटीने त्यातला नेमका तेवढाच तुकडा ओढायचा, तळहाताला किंचित राख लावायची आणि दोन्ही तळव्यांमध्ये एकदा पुढे, एकदा मागे. वात तयार. बोलणे चालू, डोळ्यांवर पेंग, दारात कोण आले कोण गेले यावर नजर, आणि हात आपले चाललेले.

आजी घटकेला शंभर वाती वळते, असे आमच्या घरात म्हणत. हे खरे की कौतुकाचे, ते मला माहीत नाही. पण घटका म्हणजे २४ मिनिटे, तेव्हा वातीला साधारण १४ सेकंद पडतात. सरावलेल्या हाताला हे अशक्य नाही. लाख वाती म्हणजे मग हजार घटका, म्हणजे ४०० तास. रोज दुपारचे दोन तास धरले तर २०० दिवस. डब्यातल्या ६३४१ वाती या दराने १३ दिवसांत व्हायला हव्या होत्या. तिला त्या करायला महिन्यावर दिवस लागले. हात मंदावला होता, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही.

मी स्वतः प्रयोग करून पाहिला. देवकापसाचे झाड आता नाही, म्हणून उशी उसवून कापूस घेतला, मनगटावरचे घड्याळ समोर ठेवले आणि बसलो. २४ मिनिटांत माझ्या १९ वाती झाल्या. त्यांपैकी सात-आठ उंदराच्या शेपटीसारख्या होत्या आणि उरलेल्यांना वात म्हणणे हा आजीचा अपमान ठरला असता.

घटका हे माप तिला नुसते पंचांगातून ठाऊक होते असे नव्हते. तिच्या लहानपणी लग्नात पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडत. पाणी चढत चढत वाटी बुडाली की घटका भरली, आणि ती भरेपर्यंत भटजींसकट सगळे त्या वाटीकडे बघत थांबत. घड्याळाशी मात्र तिचे कधी जमले नाही. दुपारच्या चहाची वेळ ती छपरीतल्या शहाबादी फरशांवरून ठरवी. सावली ठरलेल्या फरशीच्या काठाला टेकली की चहाचे आधण ठेवायचे, आणि ती फरशी ऋतूप्रमाणे बदलत जायची. पावसाळ्यात ऊन नसे तेव्हा काय करी, हे विचारायचे राहून गेले. बाबांचा भरवसा रेडिओवर होता. बातम्यांआधीचे ठोके ऐकून ते घड्याळ लावत आणि आजीची सावली मागे चालते म्हणून तिला चिडवत. मायलेकांचा हा वाद वर्षानुवर्षे चालला.

पुष्कळ वर्षांनी मला कळले की वादात आजीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. आपली प्रमाणवेळ १९०६ सालापासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर ठरते. मुंबईने तर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आमचा दारव्हा तालुका त्या रेखावृत्ताच्या पावणेपाच अंश पश्चिमेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटे धरली तर आमचा सूर्य रेडिओच्या सरासरी १९ मिनिटे मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या गावाच्या डोक्यावर तो अजून यायचा असतो. ही १९ मिनिटे बाबांच्या हिशेबात कुठेच नव्हती. आजीकडे ती होती आणि तिने त्यांच्या वाती केल्या, ऐंशीच्या जवळपास.

प्रवासातही तिचा कापूस सुटत नसे. तिचे माहेर कारंज्याकडचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अडीच फुटी रुळांची शकुंतला रेल्वे तेव्हा चालू होती. ब्रिटिश कंपनीने इथला कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत आणि तिथून मुंबईच्या बंदरावर नेण्यासाठी हा मार्ग टाकला. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले होते आणि ते १९९४ पर्यंत राबले. इथला कापूस जिकडे गेला, तिकडूनच तो वाहायला इंजिन आले, याची मला नेहमी गंमत वाटते. दारव्हा मोतीबागेला गाडीत बसले की आजी पिशवीतून कापूस काढी. डबा इतका हाले की वात वळणे कठीण. तरी ती वळे. एकदा शेजारच्या बाईने कारंजा किती लांब आहे असे विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "तीनशे वाती." त्या बाईला त्यात काही वावगे वाटले नाही. तिने मान डोलावली आणि पोराला मांडीवर आडवे केले.

कापसाने वेळ खाण्याची आमच्या घरातली दुसरी तऱ्हा बाबांची. कापूस विकायला नेला की खरेदीच्या केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग लागलेली असे आणि नंबर यायला कधी दोन, कधी तीन दिवस लागत. एका वर्षी, मी चौथीत असताना, हट्ट करून त्यांच्याबरोबर गेलो. बंडीत गच्च दाबून भरलेला कापूस आणि त्यावर अंथरलेल्या घोंगडीवर मी, अशी ती रात्र माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या रात्रींपैकी एक आहे. पौषाची थंडी होती, पण खालून कापसाची ऊब येत होती. रांगेच्या दोन्ही बाजूंना शेकोट्या पेटलेल्या, बैल सोडून चाकांना बांधलेले, त्यांच्या गळ्यातल्या घाट्यांचा मधूनच आवाज, कोणीतरी पत्ते पिसतो आहे, कोणीतरी सुपारी कातरतो आहे, एक म्हातारा गजाननाचे भजन म्हणतो आहे आणि वर आकाश चांदण्यांनी भरलेले. मला वाटले, बाबा दरवर्षी असे मजेत राहतात आणि आम्हाला सांगत नाहीत. सकाळी उठून पाहिले तर ते चाकाशी उकिडवे बसले होते, डोळे तांबारलेले. रात्रभर जागून ते दव पडून कापूस ओला होतो की काय, हे हात घालून पाहत होते. ओला निघाला तर भाव पडणार होता. दिवसभरात आमच्या पुढच्या फक्त अकरा बंड्या हलल्या. मी त्या मोजल्या होत्या. संध्याकाळी मी आनंदाने आकडा सांगितला, तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा माझ्यावर हात उगारला. मारले नाही.

त्या तीन दिवसांत आजीच्या किती वाती झाल्या असत्या, हा हिशेबही मी नंतर कधीतरी मांडला होता. पण बाबांना कोणी कापूस वळायला बसवले नसते आणि बसवले असते तरी त्यांचे हात चालले नसते. आजीचे दोन तास तिने स्वतः काढून ठेवलेले होते. बाबांचे तीन दिवस रांगेने घेतले. घड्याळाला या दोन्हींत काही फरक दिसत नाही आणि मला वाटते माझ्या हिशेबालाही फार दिवस दिसला नव्हता.

त्या दुपारी साडेचारच्या सुमारास आई उठली. तिने आता ऐंशी ओलांडली आहे. उन्हाच्या दिवसांत ती मधल्या खोलीत ओला पंचा मानेवर टाकून पडून असते. बाहेर येऊन तिने सतरंजीवर पसरलेल्या जुड्या पाहिल्या आणि लगेच ओळखल्या. एक जुडी उचलून नाकाशी नेली, खाली ठेवली. मी उत्साहाने तिला सगळे ऐकवले, घटका, लाख, ४०० तास, २०० दिवस. ते सांगता सांगता मला जाणवले की आईला वात वळताना मी कधीच पाहिलेले नाही, आणि हे इतक्या वर्षांत मला एकदाही जाणवले नव्हते. मी विचारले, "तू कधी नाही वळल्या?"

"मले दुपार कुठं होती बाप्पा?" आई म्हणाली.

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. चहात साखर किती, असे कोणी विचारावे आणि आपण सांगावे, तसे सांगितले. आजी छपरीत वाती वळत होती त्या दुपारी आई शेतात होती. वेचणाऱ्या बायांच्या मागे, त्यांच्या ओट्या मोजून घेत, कोणाचा किती किलो ते वहीत लिहीत, आणि ऊन उतरल्यावर घरी येऊन चुलीपुढे. त्या वेचणाऱ्या बायांना तर किलोवर मजुरी मिळे. त्यांच्या हातातून दिवसभर जेवढा कापूस जाई, त्यातली एक वातही त्यांची नसे. सावली ठरलेल्या फरशीला टेकली की आजी आधण ठेवायला सांगे, हे मी वर लिहिले आहे. कोणाला सांगे, ते लिहिले नाही. शेतात वेचणी नसेल त्या दिवशी आईला, असेल त्या दिवशी माझ्या बहिणीला, आणि बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती.

मी जुड्या परत डब्यात भरू लागलो. वीज अजून आलेली नव्हती, म्हणजे संध्याकाळी दिवाच लावावा लागणार होता. आईने ती सुटी जुडी मागून घेतली. मी म्हणालो की रोज एक वात लावली तर डब्यातल्या सगळ्या वाती सतरा वर्षांहून जास्त पुरतील.

"मंग दोन लाव," आई म्हणाली आणि दोन वाती घेऊन देवघराकडे गेली.

एकोणचाळीस राहिल्या.