पॅसेजमधली लाल टोपी

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये फायर अलार्मच्या देखभालीचं काम करतो. लोकांना वाटतं आमची झुंज आगीशी. खरं तर ती फोडणीशी असते.

703 मधल्या आजींची फोडणी रोज सकाळी खाली रखवालदाराकडच्या अलार्म पॅनेलवर यायची, कारण बिल्डरने स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर ठोकला होता. ऑप्टिकल डिटेक्टरच्या आत एक अंधारी डबी असते. एका बाजूला एलईडी, दुसरीकडे तिरका बसवलेला सेन्सर. एरवी उजेड सेन्सरवर पडत नाही. धुराचे कण आत शिरले की तो विखुरतो आणि सेन्सरला दिसतो. कण जळत्या पडद्याचे की मोहरी-हिंगाचे, हे डबीला काय कळणार? झुरळ शिरलं तरी तेच. स्वयंपाकघरात हवा हीट डिटेक्टर, साधारण 57 अंशांना वाजणारा. मिनिटाला आठेक अंश चढले की वाजणाराही मिळतो, पण कढईच्या आसपास तो नको. मी साधा, ठरावीक तापमानाचा बसवला, हेअर ड्रायरने तापवून वाजवून दाखवला. आजींनी लगेच साबुदाणा वडे तळायला घेतले. शेवटचा घाणा निघेपर्यंत पॅनेल गप्प. त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो.

दिवाळीआधी त्यांच्याकडे रंगकाम निघालं. "पॅसेजमधल्या त्याला रंग लागेल रे," आजी म्हणाल्या. नव्या डिटेक्टरबरोबर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची टोपी येते. बॅगेत एक लाल होती, ती मीच चढवली. "रंग झाला की काढा हं." डिटेक्टर बेसमधून काढून घेतला तर पॅनेल लगेच बोंब मारतं. टोपीचं मात्र त्याला काहीच कळत नाही. टोपीखालचा डिटेक्टर पॅनेलवर ठणठणीत दिसतो.

पुढच्या फेरीला घर बंद. आजी-आजोबा नाशिकला मुलीकडे. शीटवर 'दार बंद' लिहिलं आणि 704 ची बेल वाजवली. अशी 'दार बंद' प्रत्येक फेरीला पंधरा-वीस असतात. सोसायटीला जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, हातात पडला की झालं.

फेब्रुवारीत एका रात्री आजोबांच्या खाटेखालच्या मच्छर कॉइलवर गोधडीचं टोक लोंबलं. कापसाची गादी लगेच भडकत नाही, तासन् तास धुमसते. धूर बेडरूममधून पॅसेजमध्ये आला, तिथून मुख्य दाराच्या फटीतून लॉबीत. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं. हीट डिटेक्टर गप्प राहिला, आणि त्याचं बरोबरच होतं. लॉबीतला स्मोक डिटेक्टर वाजला 3:12 ला. रखवालदाराने हूटर बंद करून पॅनेल रिसेट केलं. 3:15 ला पुन्हा आलं, पुन्हा रिसेट. 3:19 ला तो वर गेला. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. रोज उठून फोडणी बंद करायची सवय त्याला कुणी लावली? शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून दार फोडावं लागलं नाही. आजोबा दोन दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले.

सकाळी शिडी घेऊन गेलो. छत काळं, कोपऱ्यात काजळीच्या दशा लोंबताहेत. टोपीचा लाल रंग ओळखू येत नव्हता. बोटांनी चिमटून खाली ओढली. आत डिटेक्टर पांढराशुभ्र, आत्ता खोक्यातून काढल्यासारखा.

आजी शिडी धरून उभ्या होत्या. "रंगारी गेले आणि राहूनच गेलं बघ. तू तर बजावून गेला होतास."

बजावलं होतं म्हणजे काय, "काढा हं" एवढंच. नाही काढली तर काय होईल हे सांगितलं नव्हतं. आणि पंचाहत्तरीच्या बाईंनी ती काढायची कशी, स्टुलावर चढून? हे मला त्या दिवशी शिडीवर उभं राहून सुचलं. तेव्हापासून हिशेब करतोय. लॉबीतला 3:12 ला वाजला, तर पॅसेजमधला किती आधी वाजला असता? धूर त्याच्याखालूनच गेला होता. पॅनेलचा लॉग काढून आणला. त्यात त्या रात्री 703 पॅसेजचं नावच नाही.

घरात हूटर नाहीच, तो लॉबीत. त्यामुळे आधी वाजला असता तरी खाली रखवालदाराने रिसेटच केलं असतं, असं आमचा सुपरवायझर म्हणतो. मला धीर द्यायला म्हणतो की स्वतःला, कोण जाणे.

शिडीवरून उतरण्याआधी टेस्ट स्प्रेचा एक फवारा मारला. काही सेकंदांत डिटेक्टरचा लाल दिवा लागला, लॉबीत हूटर सुरू झाला. लगेच खालून फोन आला.

"साहेब, 703 पॅसेज फायर दाखवतंय. बंद करू का?"