गन म्हणते ११२, पाण्याचा थेंब म्हणतो काहीतरी भलतंच

ग्रिलवरचं चिकन बाहेरून काळंठिक्कर आणि हाडापाशी गुलाबी, असं लागोपाठ तिसऱ्यांदा झालं तेव्हा म्हटलं आता अंदाजपंचे बास. ग्रिलच्या झाकणावरचा तो तापमानाचा गोल काटा तर मस्त १८० अंश दाखवत होता, मग जळतंय कसं? नंतर डोक्यात प्रकाश पडला की तो काटा झाकणाच्या आतली, वरची हवा मोजतोय आणि आपलं चिकन पडलंय खाली जाळीवर, निखाऱ्यांच्या डोक्यावर. खाली काय चाललंय ते त्याला कुठून कळणार. आणि झाकण उघडं ठेवून भाजायचं असेल तर तो काटा नुसता शोभेचा.

म्हणून टेम्परेचर गन घेतली, ती इन्फ्रारेडवाली, म्हणजे वस्तूतून निघणारे न दिसणारे उष्णतेचे किरण बघून लांबूनच तापमान सांगणारी. बटण दाबलं की लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो, दोन दिवस मी दिसेल ते मोजत सुटले होते. मग ग्रिल पेटवलं, जाळीवर नेम धरला तर ३१०, हात जरासा हलला की ४६०, परत ३४०. म्हटलं ही काय लॉटरी आहे का!

गंमत अशी की तो लाल ठिपका फक्त नेम दाखवायला असतो, मोजमाप त्या ठिपक्याचं होतच नाही. माझ्या गनवर १२:१ लिहिलंय, म्हणजे ६० सेंमीवरून धरली तर ती साधारण ५ सेंमीचं वर्तुळ बघते आणि त्यात जे जे दिसेल त्या सगळ्याचा मिळून एक आकडा देते. जाळीवर त्या वर्तुळात दोन-तीन गज आणि मधल्या फटींतून दिसणारे लालभडक निखारे, मग आकडा कोणाचा आला म्हणायचा? त्यात चरबी गळून मध्येच ज्वाळा उठली की संपलंच. शेवटी साधा उपाय केला, बिडाचा एक छोटा जुना तवा जाळीवर ठेवून दिला, दहा-पंधरा मिनिटं तापू दिला आणि त्याच्यावर नेम धरला. आता आकडा जागेवर थांबायला लागला.

खरा घोळ पुढे झाला. भाज्यांसाठी स्टीलची सपाट प्लेट होती, नवी, चकचकीत. ती चांगली वीस मिनिटं तापवली, गन मारली तर ११२. मी आच अजून वाढवायला निघाले तेवढ्यात दादाने ओल्या हाताने पाणी शिंपडलं आणि थेंब पाऱ्याच्या गोळ्यासारखे प्लेटभर पळायला लागले. ११२ वर पाणी असं पळत नाही, जागच्या जागी चर्रर्र करून आटतं. असं पळायला प्लेट २०० च्या आसपास तरी लागते, मग थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो.

"अगं तुझी गन बिघडलीय," दादा म्हणाला. मलाही तसंच वाटलं. पण प्लेटच्या कोपऱ्यात मागच्या वेळी तेल जळून रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग पडला होता, सहज त्याच्यावर गन धरली, एकदम जवळून, तर २०७! चार बोटं बाजूला, चकचकीत भागावर परत ११२. तीच प्लेट, तीच आच.

कारण असं की गन तापमान थेट मोजतच नाही, वस्तू जे इन्फ्रारेड बाहेर टाकते ते बघून हिशोब करते. तो हिशोब बहुतेक गनमध्ये ०.९५ धरून केलेला असतो, म्हणजे समोरची वस्तू जवळजवळ पूर्ण क्षमतेने इन्फ्रारेड टाकतेय असं गृहीत. बिडाचा काळा तवा तसा टाकतो पण चकचकीत स्टील टाकतं अगदीच थोडं आणि उरलेलं आरशासारखं आजूबाजूचं परत फेकतं. उघड्यावर वरती मोकळं आकाश असेल तर गन त्या थंड आकाशाचंच प्रतिबिंब वाचत बसते. तेलाचा हात फिरवला की आकडा बराच वर येतो, पण मला जळकट डागच जास्त भरवशाचा वाटला.

बाकी एक गोष्ट कळली ती म्हणजे बीड उष्णता पसरवायला भलतंच आळशी. घाईने तापवलं की मधे २४० आणि कडेला १६५, म्हणजे एकाच वेळी टाकलेले तुकडे एक जळका एक पांढरा. आच कमी ठेवून पंधरा-वीस मिनिटं दिली की हा फरक बराच कमी होतो.

आणि हो, गनला फक्त कातडी दिसते, आतलं काहीच कळत नाही! चिकन आतून झालं की नाही यासाठी टोचायचं थर्मामीटरच लागतं, जाड भागात, हाडाला टेकू न देता, ७४ अंश आले की झालं. ते बरोबर आहे का हे बर्फाच्या पाण्यात बुडवून बघायचं, शून्य आला पाहिजे, माझं २ दाखवत होतं.

आता मी निखारे एका बाजूला सारते, गरम बाजूला रंग आणते आणि मग तुकडे थंड बाजूला सरकवून झाकण लावते. मागच्या आठवड्यात चिकन एकदम नीट झालं, हाडापाशी ७६. दादा इतका खूश झाला की त्याने आपणहून सगळं आवरायला घेतलं आणि स्टीलची प्लेट घासून घासून आरसा करून ठेवली, कोपऱ्यातल्या डागासकट. आता परत मुद्दाम तेल जाळत बसलेय.