आभार मानणारे आणि तक्रार करणारे

समाजोपयोगी काहीतरी सुरू करायचे आहे, असे म्हणत हल्ली बरीच तरुण मंडळी आपल्या कल्पनेचा आराखडा मला वाचायला पाठवतात. आराखड्यात गरजूंची संख्या असते, निधीचा अंदाज असतो, तीन वर्षांत कुठे पोहोचायचे तेही असते. या उपक्रमाविषयी तक्रार कोण करील आणि ती कोणाकडे करील, एवढे एकच मी त्यांना विचारतो. बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो आणि काहींना तर माझा प्रश्न कुत्सित वाटतो. त्यांच्या वयाचा असताना मीही असाच गोंधळलो असतो.

महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. रात्री उशिरा, पंखा बंद करून आणि खिडक्यांना जाड चादरी लावून आम्ही वाचत असू. इतिहासाच्या धड्यात आवाज चढवावा, कवितेत तो हळुवार करावा, प्रकरण संपले की बासरीचा एक तुकडा जोडावा, असे सारे चाले. ज्यांना ते ध्वनिमुद्रण दिले त्या प्रत्येकाने मनापासून आभार मानले आणि आम्ही वर्षभर खुशीत राहिलो. मग एका विद्यार्थिनीने, फारच आग्रह केल्यावर, खरे काय ते सांगितले. ती आणि तिच्या मैत्रिणी स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकीय आवाजाच्या, सवयीमुळे सर्व काही दुप्पट वेगाने ऐकत असत, त्यामुळे आमचा भावपूर्ण चढउतार त्यांच्या कानाला खडखडाटासारखा लागे. वर्गात शिक्षक ‘पान बेचाळीस काढा’ म्हणाले की आमच्या ध्वनिफितीत ते पान शोधायला काहीच साधन नव्हते, कारण पानांचे क्रमांक आम्ही वाचलेच नव्हते. आणि ती बासरी मध्येच सुरू झाली, की फोन वाजतो आहे असे वाटून त्या दचकत. हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. ‘तुम्ही फुकट करत होतात, मग नावे कशी ठेवायची?’ असे ती म्हणाली.

या उत्तरात मदत आणि व्यवसाय यांच्यातला जो फरक दडलेला आहे, तो मला पुढे कोणत्याही व्याख्यानाने इतका स्पष्ट करून दिला नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू बिघडली तर माणूस ती परत आणून आपल्यासमोर आपटतो. फुकट मिळालेली वस्तू मात्र तो कोपऱ्यात ठेवतो आणि आपण भेटलो की हसून आभार मानतो. तोट्यातला दुकानदार महिनाभरात शहाणा होतो, पण निरुपयोगी उपक्रम चालवणारा भला तरुण वर्षानुवर्षे सत्कार स्वीकारत राहू शकतो.

लुई ब्रेलची गोष्ट या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. पॅरिसमधील ज्या अंधशाळेत तो शिकत होता, तिथे कागदावर उठावाची मोठी अक्षरे उमटवलेली पुस्तके होती. डोळसांच्या लिपीचीच ती नक्कल होती. पाहणाऱ्याला ती सुंदर दिसत, पण बोटांनी एकेक अक्षर चाचपत वाचण्यात अतोनात वेळ जाई आणि त्या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिणे जवळजवळ अशक्य होते. पुढे शार्ल बार्बिए या माजी सैनिकी अधिकाऱ्याने उठावाच्या बारा ठिपक्यांची पद्धत आणली. ती पुष्कळ बरी होती, तरी बारा ठिपके बोटाच्या एका पेरात मावत नसत. शिवाय ती उच्चारांवर आधारलेली असल्याने तिच्यात शुद्धलेखनाला आणि विरामचिन्हांना जागा नव्हती. ब्रेलने ठिपके सहावर आणले आणि 1824 च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपली पद्धत बहुतांशी सिद्ध केली. डोळस हितचिंतकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांचे बोट मात्र त्या कागदावर कधी अडलेले नव्हते. खुद्द त्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती 1854 मध्ये, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मधल्या काळात मुले ती एकमेकांना शिकवतच होती.

अर्थात ज्याची अडचण त्यानेच उपाय शोधावा, असा नियम केला तर निम्मे उपक्रम उभेच राहणार नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी वर्गातील एका प्रकल्पातून ‘एम्ब्रेस’ नावाची, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी पिशवी तयार केली. मेणासारखा एक पदार्थ एकदा तापवला की तो बाळाभोवती काही तास 37 अंशांच्या आसपास तापमान टिकवतो, अशी तिची योजना होती. पहिल्या नमुन्यांवर तापमानाचे आकडे होते. चाचणीच्या वेळी भारतातील एका खेड्यातील आईने सांगितले, की औषधे फार कडक असतात म्हणून डॉक्टरांनी चमचाभर सांगितले तर आम्ही अर्धाच देतो. तेव्हा 37 सांगितले तर जपून 30 वरच ठेवू. त्यानंतर आकडे काढले गेले आणि उष्णता पुरेशी आहे की नाही एवढेच दाखवणारी खूण आली. ते आकडे तसेच राहिले असते, तर पिशवीत तांत्रिक दोष नसतानाही बाळे गारठली असती.

पैशाचेही थोडे असेच आहे. देणगीवर चालणाऱ्या उपक्रमाचा ग्राहक नकळत देणगीदार होऊन बसतो. अहवाल त्याच्यासाठी लिहिले जातात, छायाचित्रे त्याच्यासाठी काढली जातात. बांगलादेशातील अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये तिथल्या जोब्रा गावातील 42 जणांना स्वतःच्या खिशातून एकूण 27 डॉलर उसने दिले, ही गोष्ट पुष्कळांना पाठ असते. पुढे 1983 मध्ये त्यातूनच गरिबांना छोटी कर्जे देणारी ग्रामीण बँक झाल्यावर तिची बहुतांश मालकी हळूहळू कर्जदारांकडेच गेली, हा त्या गोष्टीतला अधिक शिकण्याजोगा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो.

आमच्या उपक्रमाचे म्हणाल तर त्या विद्यार्थिनीला आम्ही ध्वनिमुद्रण नापास करण्याचा अधिकार दिला. पानांचे क्रमांक आले, बासरी गेली. पहिल्याच आठवड्यात तिने जी चार प्रकरणे परत पाठवली, त्यांपैकी तीन माझ्या आवाजातली होती.