फ्रीलान्सर बाईचं होम लोन आणि फाईलवरचा 'गृहिणी' शेरा : माझा अनुभव

लोन मिळालं, घराचा ताबा मिळाला, हप्ते पण सुरू झाले, तरी तो व्हेरिफिकेशन रिपोर्ट आठवला की अजून डोकं फिरतं. माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणी आता पुण्यात फ्लॅट बघतायत, त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आधी हिंजवडीत नोकरी होती, मग मुलगी झाली, कोविडनंतर कंपनीने परत ऑफिसला बोलवायला सुरुवात केली आणि वारज्याहून हिंजवडी, ते पण संध्याकाळचं ट्रॅफिक, मुलगी पाळणाघरात शेवटची उरलेली असायची. तेव्हा नवऱ्याशी बोलून ठरवलं की फ्रीलान्स करायचं. आता ती शाळेत असते तेव्हा एक शिफ्ट आणि ती झोपल्यावर दुसरी, दुपार तिची. काम तेवढंच, बिलं वेळेवर, टॅक्स वेळेवर. या निर्णयाचा मला अजिबात पश्चात्ताप नाही, उलट अभिमान आहे.

फ्लॅट शोधणं, बिल्डरशी बोलणं, टोकन हे सगळं पटापट झालं. सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) चांगला होता. कागदपत्रांत पगारदाराला सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ दिला की विषय संपतो, आपल्याला मात्र आयटीआर (आमच्या बँकेने तीन वर्षांचे मागितले), कॉम्प्युटेशन (उत्पन्न आणि टॅक्सचा हिशोब), २६एएस (आपल्या पॅनवर कापलेल्या टॅक्सचा आयकर खात्याचा तक्ता), बँक स्टेटमेंट आणि 'व्यवसायाचा पुरावा'. काउंटरवरच्या साहेबांनी ऑडिटेड बॅलन्सशीट मागितली. मी ४४एडीए (छोट्या व्यावसायिकांसाठी आयकराचं सोपं कलम) खाली रिटर्न भरते, त्यात जमा रकमेच्या निदान ५० टक्के उत्पन्न दाखवायचं असतं आणि मग हिशोबाच्या वह्या किंवा ऑडिट लागत नाही, आयटीवाल्यांना ते चालतं. हे त्यांना पटेना, शेवटी आमच्या सीएने यूडीआयएन (सर्टिफिकेट खरं आहे का ते ऑनलाइन तपासायचा नंबर) टाकून सर्टिफिकेट दिलं तेव्हा फाईल पुढे गेली. सीएचं कुठलंही सर्टिफिकेट घ्याल तर त्यावर यूडीआयएन आहे का ते बघाच, २०१९ पासून ते लागतंच.

इथेच एक सांगते, नंतर विसरेन. बँक तुमच्या खात्यात किती आले ते बघत नाही, रिटर्नमध्ये किती दाखवलं ते बघते. वर्षाला १२ लाख आले आणि ६ लाख उत्पन्न दाखवलं तर लोन ६ लाखांच्या हिशोबाने बसतं. खर्च खरंच कमी असेल तर ५० टक्क्यांवर न थांबता खरा आकडा दाखवा, आणि घर घ्यायच्या आदल्या वर्षी नाही, दोन-तीन वर्षं आधीपासून.

तर आता मूळ मुद्दा. बँकेने व्हेरिफिकेशनला बाहेरच्या एजन्सीचा मुलगा पाठवला. फोन नाही, मेसेज नाही. मी क्लायंटच्या कॉलवर आतल्या खोलीत, दार लावून, हेडफोन कानात. दार सासूबाईंनी उघडलं. त्याने विचारलं सर कुठेत, त्या म्हणाल्या ऑफिसला. मॅडम काय करतात, तर त्या म्हणाल्या घरीच असते, कॉम्प्युटरवर करते काम. त्याने दाराचा फोटो काढला आणि गेला. मला बोलवलं नाही, मी काम करते ती खोली बघितली नाही, एक बिल बघितलं नाही. मी कॉल संपवून बाहेर आले तर आई (सासूबाई) म्हणाल्या, अगं बँकेचा कोणीतरी येऊन गेला.

नंतर बरेच दिवस बँकेतून काहीच नाही. फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे मॅडम'. बिल्डरची पोरं इकडून मागे लागलेली की अ‍ॅग्रीमेंटची तारीख सांगा. शेवटी मी शाखेत जाऊन बसले, आणि तेव्हा त्या साहेबांनी स्क्रीन वळवून दाखवली. रिपोर्ट निगेटिव्ह. ऑफिस: आढळले नाही. पाटी: नाही. कर्मचारी: शून्य. माल: नाही. आणि शेऱ्यात लिहिलेलं, अर्जदार गृहिणी, पती नोकरीत.

माझं खरंच रक्त उकळलं. गृहिणी असण्यात काही कमीपणा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माझी आई आयुष्यभर गृहिणी होती आणि तिच्याइतकं काम मी कोणालाच करताना बघितलं नाही. पण माझ्या नावावर रिटर्न आहेत, माझ्या पॅनवर टीडीएस कापलेला दिसतोय, कंपन्यांची अ‍ॅग्रीमेंट जोडलीयत, आणि एका मुलाने दारात दोन मिनिटं उभं राहून मला माझ्याच फाईलमधून पुसून टाकलं. तो फॉर्मच दुकानदारासाठी बनवलेला. टेस्टिंग करणाऱ्या बाईकडे माल कुठून येणार?

वर साहेबांचा सल्ला काय, तर मिस्टरांना मेन अ‍ॅप्लिकंट करा आणि मालकीत पण घ्या, दोन दिवसांत सँक्शन देतो. आता यात भावनेइतकाच पैशाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव मालकीत आलं की ती गेली, ६० लाखांच्या फ्लॅटवर सरळ ६० हजार. तो सहकर्जदार म्हणून होताच, मालक म्हणून यायची काही गरज नव्हती. नवरा पण तिथेच म्हणाला, साहेब घर ती घेतेय, मी फक्त सोबत सही करतोय.

मी पुन्हा व्हेरिफिकेशन करा असा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तोंडी बोलून काही होत नाही, पोच घ्याच. मग मधल्या काळात उद्यमचं (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट काढलं, ते आधारवर ऑनलाइन निघतं आणि पूर्ण फुकट आहे, गूगलवर वर येणाऱ्या पैसे मागणाऱ्या साइट्स सरकारी नाहीत, पत्त्यात डॉट जीओव्ही डॉट इन बघूनच भरा. शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर २०१७ च्या नवीन कायद्यात आपल्यासारखं एकटीचं काम असेल तर नोंदणी नाही, नुसती सूचना द्यायची, फॉर्म एफ, 'आपले सरकार' पोर्टलवर होतं. त्याची पावती फाईलला लावली. दारावर नावाखाली 'सॉफ्टवेअर टेस्टिंग सर्व्हिसेस' अशी छोटी पाटी लावली. लावताना सोसायटीतले काका विचारत होते काय चाललंय, त्यांना पण सगळं सांगितलं, कारण व्हेरिफिकेशनवाले शेजारी पण विचारतात.

मध्येच शाखेत नवीन मॅनेजर मॅडम आल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या मी स्वतःच येते. आल्या, माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या, बिलांची फाईल चाळली, एका बिलाचा नंबर घेऊन स्टेटमेंटमध्ये ती रक्कम शोधली, टीडीएस वजा जाऊन बरोबर जुळली. मग २६एएसमध्ये तीच कंपनी बघितली. इतकं साधं होतं! हे पहिल्याच वेळी कोणी केलं असतं तर माझा तो सगळा मनस्ताप वाचला असता. जाताना आईंना विचारलं, सून काय करते? आई म्हणाल्या, कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासते, घरातच ऑफिस आहे तिचं. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी.

सँक्शन लेटर लगेच आलं. पुढचं नेहमीसारखंच.

घरी सासू, आई, कामवाल्या ताई, जे कोणी दार उघडणार असेल त्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा की तुम्ही काय काम करता, आणि बँकवाला आला तर कॉल चालू असला तरी मला हाक मारा. अर्जात व्हेरिफिकेशनला येण्याआधी फोन करा असं लिहून वेळ पण द्या. बिलांना नंबर टाका, क्लायंटचे पैसे एकाच खात्यात घ्या. स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन (महाराष्ट्रात जास्तीत जास्त ३० हजार) खिशातून भरायची तयारी ठेवा, बँक ते किमतीत धरत नाही, आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. दर विचारताना बायकांसाठी सवलत आहे का तेही विचारा, बऱ्याच बँका थोडी देतात पण आपणहून सांगत नाहीत.

आणि आपलं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं म्हणून फ्लोटिंग (बदलता) रेटच घ्या, स्वतःच्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनला आधी पैसे भरले तर दंड लागत नाही. माझं मोठं पेमेंट आलं की मी त्यातलं थोडं मुद्दलात टाकते, आणि दरवेळी हप्ता कमी करून नको, मुदत कमी करून द्या असं लिहून देते.