छोट्या प्रमाणपत्रांची बेरीज

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूझीलंड सरकारने एनसीईए ही इथली माध्यमिक शाळांची मूल्यमापनपद्धती बंद करण्याचा प्रस्ताव जाहीर केला, आणि तिच्या जागी येणाऱ्या प्रमाणपत्रांत शंभरपैकी गुण असतील हे वाचून मी चांगलीच वैतागले. मुले टक्केवारीच्या तगाद्यातून सुटावीत हे आमच्या इथे येण्याचे एक कारण होते. निदान नातेवाइकांना आम्ही तसे सांगत आलो आहोत. थोरली जुन्या पद्धतीनेच शाळा संपवील, परंतु धाकटा यंदा आठवीत असल्यामुळे बदलाची पहिली झळ त्याच्याच वर्गाला लागणार आहे.

एनसीईएमध्ये विषयाचा एकच मोठा निकाल लागत नाही. विषयाचे लहान लहान भाग पाडलेले असतात, त्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात; प्रत्येक स्टँडर्डला ठरावीक क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचे शिक्षण धरले जाते. एनसीईएच्या तीन स्तरांपैकी एकेक स्तर पूर्ण करण्यासाठी ६० क्रेडिट आणि त्याशिवाय भाषा व अंकज्ञानाचे २० क्रेडिट लागतात. मुलाला नेमके काय येते हे निकालपत्रावर एकेका ओळीत लिहिलेले असते, आणि मला या पद्धतीचे अप्रूप वाटते ते त्यामुळेच.

आता कॉफीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण थोरलीने एस्प्रेसो बनवण्याचे स्टँडर्ड पूर्ण केले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी फोनवर विचारले होते, "अगं, शाळेत चहा-कॉफी करायला शिकवतात का?" मी त्यांना यंत्राची स्वच्छता, दळलेल्या कॉफीचा जाडसरपणा, दुधाचे तापमान आणि तपासनिसासमोर प्रत्यक्ष करून दाखवण्याची अट असे सगळे समजावून सांगितले. एखाद्या कॅफेच्या मालकाला त्या एका ओळीतून जे कळते, ते 'गृहविज्ञान ८७' या आकड्यातून कधीच कळणार नाही, हे माझे मत आजही कायम आहे. मात्र त्या फोनवर मी एक गोष्ट सांगितली नाही. या स्टँडर्डला चार-पाच क्रेडिट मिळतात, गणितातील कलनाच्या (कॅल्क्युलस) एका स्टँडर्डलाही साधारण तेवढेच मिळतात, आणि स्तर पूर्ण करताना दोन्ही एकाच बेरजेत जातात. त्यामुळे हुशार मुलेसुद्धा सोपे क्रेडिट शोधू लागतात आणि ६० भरले की वर्षअखेरची परीक्षा टाळतात. विद्यापीठाच्या दारात चाळणी आहे, कारण तिथे मान्य यादीतील तीन विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट तिसऱ्या स्तरावर मिळवावे लागतात आणि कॉफी तिथे चालत नाही. पण तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. सरकारची तक्रार नेमकी हीच आहे, आणि मनाविरुद्ध का होईना, मला ती मान्य करावी लागते.

तरीही 'बघा, शेवटी आपलीच पद्धत बरी' असा सूर गावाकडून आला की मला महाराष्ट्रातील इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षा आठवते. कला संचालनालयाचे ते प्रमाणपत्र म्हणजे आपले अस्सल देशी मायक्रो-क्रेडेन्शियलच, म्हणजे एखाद्या छोट्या कौशल्याचे स्वतंत्र प्रमाणपत्रच आहे, आणि मायक्रो-क्रेडेन्शियल हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून ते चालत आले आहे. आपण त्याचे काय केले? त्याचे वाढीव गुण दहावीच्या बेरजेत मिसळून टाकले, खेळ आणि शास्त्रीय नृत्याच्या गुणांचेही तेच केले, आणि आता दहावीत शंभर टक्के मिळवणारी मुले दरवर्षी शंभराहून अधिक निघतात. त्यांतील कोणाला स्थिरचित्र काढता येते आणि कोणाला भरतनाट्यम येते, हे त्या शंभरातून कसे ओळखायचे? इथे कॉफीची ओळ निदान वाचता तरी येते.

गंमत अशी की न्यूझीलंड क्रेडिटकडून गुणांकडे वळत असताना भारत गुणांकडून क्रेडिटकडे निघाला आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेपासून पीएचडीपर्यंत क्रेडिट मोजण्याची सोय आहे. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, म्हणजेच एका क्रेडिटला तीस तास, इथल्या तिप्पट. व्यावसायिक शिक्षण आणि खेळही त्यात धरले आहेत. आपल्याकडची कडक परीक्षा आणि ही नवी मोजणी यांचा मेळ बसला, तर इथल्या चुका आपण टाळू शकू असा मला विश्वास वाटतो, आणि तो केवळ देशप्रेमापोटी नाही.

न्यूझीलंडने २०१८ मध्ये शाळेबाहेरच्या शिक्षणासाठी मायक्रो-क्रेडेन्शियलना अधिकृत मान्यता दिली, तेव्हा घातलेल्या अटी मला शहाणपणाच्या वाटतात: आकार ४० क्रेडिटपर्यंतच हवा, उद्योगाला किंवा समाजाला त्याची गरज असल्याचा पुरावा हवा आणि दरवर्षी फेरतपासणी हवी. शाळेतील प्रत्येक छोट्या स्टँडर्डला हीच गरजेची अट लावली असती, तर सोप्या क्रेडिटचा बाजार एवढा वाढला नसता, असे मला राहून राहून वाटते.

नव्या प्रस्तावात उद्योगांच्या सहभागाने तयार होणारे व्यावसायिक विषय आहेत. धाकट्याच्या शिक्षकांना मी विचारले की प्रथमोपचारासारख्या सुट्या प्रमाणपत्रांना त्यात स्वतंत्र जागा राहील का. विषयांचा तपशील आल्याखेरीज सांगता येणार नाही, असे त्यांनी प्रांजळपणे उत्तर दिले. प्रथमोपचाराचा वर्ग त्याने करावाच, असे मात्र मी त्याला सांगून ठेवले आहे, मग ते क्रेडिट कुठे धरले जावोत वा न जावोत.